घरात एक सिलिंडर पुरे

पेत्रोशानच्या बाजारामागं सिल्वेस्तरचं दुकान.
काचपेटी पुसून देताना तो म्हणाला,
"तळाला हिरवळ हवी ना, ऑरेलियाबाई?
मग हाही न्या," आणि लाल रंगाचं नळकांडं
पुढं सरकवलं, लेकराला खाऊ दाखवावा तसं.
मी म्हटलं, घरात एक सिलिंडर पुरे.

त्रायानचा सिलिंडर पलंगाशी उभा असतो,
मुक्काम लांबलेल्या पाहुण्यासारखा.
बावीस वर्षं कोळशाखाली राबलेली छाती
आता हवा उसनी आणते, मापानं.

लाल नळकांड्याची गोष्ट ऐकून तो हसला,
हसण्याचा खोकला झाला, खोकला बराच वेळ चालला.
मग म्हणाला, "त्या वायूला मी ओळखतो.
जड असतो. खाली साचतो,
आधी घोट्याइतका, मग गुडघ्याइतका.
पहिल्यांदा दिवा बारीक होतो, नंतर माणूस.
त्याला पैसे मोजून घरात आणायचं?"

म्हणून नाहीच आणला.
सिल्वेस्तरनं पावतीच्या पाठीवर लिहून दिलं:
माती दोन बोटं, वर वाळू बोटभर.
दिवा सकाळी चार तास, संध्याकाळी तीन,
मधे दुपारची झोप; तेवढ्यात पाणी
श्वास भरून घेतं.
मासे मोजकेच. घाई नको.
घाईखाली दोन रेघा.

माती बहिणीच्या आलुबुखाराच्या झाडाखालची.
चाळायला मैद्याची चाळणी घेतली, ती बाद झाली.
मार्सिलियाच्या तेवीस काड्या, चिमट्यानं, एकेक,
प्रत्येकीला चार पाकळ्यांचं पान.
चार पानं म्हणजे नशीब, असं माझी आजी म्हणे.
त्रायान बॅटरी धरून होता. हात हलत होता,
पण उजेड बरोबर तिथंच पडत होता.

तिसऱ्या आठवड्यात नशीब विरघळलं.
पानं आधी पारदर्शक, मग नुसता लगदा,
काचेवर हिरवी बुरशीसारखी साय.
मी पाकीट घेऊन दारापर्यंत गेले होते, खोटं कशाला बोलू.
चपला घालताना दिसलं:
एक दांडी, टोकाला एक पान. एकच.
मसुरीच्या डाळीएवढं.

फोनवर सिल्वेस्तर म्हणाला, "तीच ती.
चार पाकळ्या हवेतल्या.
पाण्याखाली ती एकेरीच राहते."

नोव्हेंबरात त्रायाननं मला हाक मारली,
म्हणजे पलंगाची कड वाजवली.
तो खुर्ची ओढून काचेला गाल लावून बसला होता,
वरून नाही, मातीच्या बाजूनं पाहत.
वाळूखाली एक पांढरा धागा, आडवा चाललेला.
"बोगदा काढतेय," तो म्हणाला. "आधी खालून. वर नंतर."
जॅकेटच्या खिशातून त्यानं मेणाची पेन्सिल काढली,
काचेवर रेघ मारली, शेजारी तारीख,
खाणीत पाळी संपताना मारायचे तशी.
डिसेंबरात दुसरी रेघ. दोन बोटांचं अंतर.
"महिन्याला एवढं खणलं असतं
तर मुकादमानं आमची टोळी घरी पाठवली असती."

हिरवळ कशावर जगते, मी विचारलं नव्हतं,
सिल्वेस्तरनंच सांगितलं: माशांच्या उच्छ्वासावर,
गोगलगायींच्या, खाली कुजणाऱ्या पानांच्या,
आणि थोडंसं, अगदी थोडंसं,
पाण्याचा पृष्ठभाग खोलीतून घेतो.
कुठल्या खोलीतून, हे तो बोलला नाही.
खोली एकच आहे आमची.

त्या रात्री मी पेटीवरचं झाकण काढून ठेवलं.
त्रायाननं पाहिलं, काही म्हणाला नाही.
खुर्ची मात्र रोज थोडी जवळ येत गेली.

फेब्रुवारीत पुढचा भाग भरला, मार्चमध्ये दगडाभोवतीचा.
गालिचा म्हणवत नाही अजून;
झिजलेली सतरंजी म्हणा, जागोजाग वाळू दिसणारी.
डावा कोपरा उघडाच आहे.
तिथं शेवटची रेघ एप्रिलची, जरा तिरकी.

मे महिन्यात दवाखान्याची दोन माणसं येऊन
सिलिंडर घेऊन गेली. सही माझी लागली.
फरशीवर त्याच्या बुडाचा गोल राहिलाय,
पुसला तरी जात नाही.

दुपारी मी दिवा घालवते, ठरल्या वेळी.
गोगलगायी फार झाल्यात.
पेन्सिल जॅकेटच्या खिशात आहे, जॅकेट खुंटीला.
पांढरा धागा रेघेच्या पुढं बोटभर गेलाय.
राहू दे, न मोजता.