आधीपासून असंच होतं

फेराराच्या धुक्यात दुकानाची घंटा वाजली,
आधी सायकल आत आली, मग एर्मेस.
बारा महिने त्याच्या भुवयांत पीठ.
म्हणाला, नीवेस, मागचं कॅरिअर बदलायचंय,
तीन बोल्ट निघाले, चौथा हटून बसलाय.
आणि मी काही विचारायच्या आत:
ते आधीपासून असंच होतं.

एकतीस वर्षं मी हेच वाक्य ऐकते.
डोकं गेलेला बोल्ट घेऊन येणारा प्रत्येक माणूस,
दातांचे डॉक्टर, पाद्री, एकदा तर कुलपं विकणारा,
हेच म्हणतो.
पाना कुणाच्याच हातून घसरलेला नसतो.
मी मान हलवते, सायकल टांगते.

बोल्ट करंगळीच्या नखाएवढा.
सहा कोपऱ्यांची खाच झिजून
चोखलेल्या गोळीसारखी.
संध्याकाळी तेलाचे दोन थेंब सोडून घरी गेले.

सकाळी जुन्या ट्यूबचा तुकडा खाचेत दाबून पाना फिरवला.
हा उपाय सगळ्यांना माहीत असतो,
लागू कधी पडला ते कुणाला आठवत नाही.
मग चांदणीच्या तोंडाची बिट, केसभर मोठी,
हातोडीनं ठोकून बसवली.
ठोकताना दुसरा हात फ्रेमच्या पाठीशी,
नळी पातळ आहे,
मारणाऱ्यानंच सांभाळायची असते.
बिट फिरली. बोल्ट नाही.

गिरमिट खुंटीवर होतं. पाहिलं तिकडे.
नको. गिरमिटानं बोल्ट जातो
आणि जाताना फ्रेमचे आटेही नेतो.

कानस घेतली.
डोक्याच्या दोन कडा सपाट करत गेले, समोरासमोर,
पक्कड धरेल इतक्याच.
चौथ्या की पाचव्या हाताला
गंजाखालून निळा ठिपका वर आला.

नखांचं पॉलिश.
भाचीला रंग आवडला नाही, बाटली मी दुकानात आणली.
बोल्ट आवळला की वर एक थेंब,
सरकला तर दिसावा म्हणून.
हे गावात दुसरं कुणी करत नव्हतं,
आणि मीही एकाच उन्हाळ्यात केलं,
जमीन हलली त्या.

त्या मे महिन्यात लोक मोटारींत झोपायचे.
एर्मेसच्या भट्टीला तडा गेला होता,
भावाकडे भाजून आणलेले पाव तो चौकात उभा राहून विकायचा,
त्यासाठीच हे कॅरिअर.
आणि मी हाताला लागेल ते आवळत होते.
नट, नळ, गॅसची टाकी, लोणच्याच्या बरण्या.
पाना थांब म्हणायचा,
मी आणखी पाव फेरा द्यायचे.
ग्रीस राहून गेलं.
तेवढ्या घाईत कोण लावतं.
मी लावते. तेव्हा नाही लावलं.

पक्कड बसवली.
आधी उजवीकडे, किंचित, त्याचंच खरं असं म्हणत.
मग डावीकडे.
चीं झालं,
मांजरानं झोपेत कान हलवला, एवढंच.
आणि सुटला, आट्यामागून आटा,
लालसर भुकटी गाळत.

दुपारी एर्मेस आला, कागदात चार पाव,
आमच्याकडचे, चार शिंगांचे, पिळलेले.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही;
याच्याकडे पीळ आधी घालतात आणि मग भाजतात.
किती झाले?
काही नाही.
काही नाही कसं, दोन दिवस ठेवलीस.

सांगायला तोंड उघडलं.
निघालं ते हे:
ते आधीपासून असंच होतं.

तेच तर मी म्हणत होतो, तो म्हणाला,
आणि त्याचे खांदे खाली आले.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी खरं बोललं होतं
आणि मी मान हलवली होती.

नव्या बोल्टला ग्रीस लावलं, जरा जास्तच.
बोटांनी आत नेला, बोटं नेतील तिथवर.
मग पाना.
तो थांब म्हणाला. थांबले.

जुना एप्रनच्या खिशात राहिला.
रविवारी धुलाईच्या यंत्रात
काहीतरी खडखडायला लागलं
तेव्हा आठवला.