गुप्त गुणक

सात महिने मी एका आकड्यासोबत राहते आहे
जो खरा नाही.
ओटिलीनं त्याला कुठल्याशा गुणकानं गुणलं,
गुणक कागदावर लिहिला, कागद पाकिटात,
पाकीट खणात, खणाची किल्ली तिच्या गळ्यात.
हवं ते उत्तर आलं की माणूस चुका शोधायचं थांबतो,
एवढंच तिचं म्हणणं.
बाकी बाई मनमिळाऊ आहे.

बाटेव्हिया, इलिनॉय. एप्रिल, आणि तरी बर्फ.
फॉक्स नदीवर पांढरे पेलिकन उतरलेत,
चुकून दुसऱ्याच पुस्तकात छापल्यासारखे.

प्रश्न तसा लहान आहे.
म्युऑन भोवऱ्यासारखा डुलतो; नेमका किती?
रिकामी जागा खरंच रिकामी असती
तर एवढी रात्र झाली नसती.
पण तिथं क्वार्क डोकावून जातात, जोडीजोडीनं,
आणि कागद-पेन्सिल हात टेकते.
उंच ऊर्जेला ते समंजस असतात:
एकेक पद मांडत जा, पुढचं आधीच्याहून लहान.
इथं खाली, मंद आचेवर,
पुढचं पद मागच्याएवढंच दांडगं,
हातचा संपतच नाही.
एकाला ओढून वेगळं काढू म्हटलं
तर दोर ताणतो, ताणतो, तुटतो,
आणि तुटल्या टोकाला दुसरा उभा.

म्हणून आम्ही अवकाशाला घरं पाडतो,
शहाण्णव लांब, शहाण्णव रुंद,
या कडेनं बाहेर पडलं की त्या कडेनं आत.
वर खोटी विश्वं रचतो, जिथं पायॉन जड असतो,
कारण जड पायॉनचं गणित स्वस्त पडतं.
चार खोट्या विश्वांतले चार ठिपके,
त्यांतून एक रेघ,
आणि रेघ जिथं पोचते
तिथं, म्हणे, आपण राहतो.

आप्पा जत तालुक्यात मोजणीदार होते.
उन्हात साखळी लांबते,
सकाळचा बांध दुपारी आखूड भरतो,
हे त्यांना कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक होतं.
पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ,
पण नकाशावर सही करताना म्हणत,
अंदाजपंचे चालायचं नाही.
किती चुकलो असू, तेही लिहायचं.
सरकारी रकान्यांत त्याला जागा नव्हती.
ते समासात लिहीत, शिसपेन्सिलीनं.

गुरुवारी दुपारी पाकीट उघडलं.
टॅव्हारिसनं डोनट आणले होते, कुणी हात लावला नाही.
ओटिलीनं कागद उजेडाला धरला:
शून्य, दशांशचिन्ह, नऊ, मग एक की सात?
नॉर्वेतल्या आजोबांकडून आलेला तिचा सात,
पोटात आडवी रेघ असलेला.
रेघ होती. सात.
भागाकाराला फोनवर तीन सेकंद लागले.

आकडा आला. ना या बाजूचा, ना त्या.
दोन उत्तरांवरून जग भांडतंय
आणि आमची चुकीची पट्टी
दोघांनाही पांघरूण घालेल एवढी रुंद.
दूरच्या क्षणांना संकेत विरत जातो,
गोंगाट तेवढाच राहतो;
सगळी रुंदी तिथलीच.
टॅव्हारिस खिडकीशी गेला.
ओटिली किल्ली गळ्यातून काढत म्हणाली,
"चला, आता चुका शोधू."
डोनट तिनंच पहिला उचलला.

संध्याकाळी मी कुंपणापर्यंत चालत गेले.
पलीकडं बायसनचा कळप,
पाठीवर न वितळलेलं बर्फ.
राखणदार हॉस्टेटलर बादली उलटी घालून बसलेला,
या आठवड्यात जन्मलेली वासरं मोजत.
किती झाली?
"सात."
मला हेवा वाटला.
नुसते सात. पुढं कंस नाही, अधिक-उणे नाही.

मग त्यानं डोळे बारीक केले.
"आठही असतील. ती कडेची गाय आहे ना,
ती वळल्याशिवाय सांगता यायचं नाही."

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.
ती वळली नाही.