तयार पडकी भिंत

खोक्यावर बाण होता, ही बाजू वर,
आणि कुरिअरच्या पोराने ते उलटंच धरलेलं.
चिडला होता तो. पत्त्यात मी लिहिलं होतं
'मारुतीच्या देवळासमोर',
आणि आमच्या पूर्व भागात
दर तिसऱ्या वळणाला एक मारुती.

आत एक पडका बुरूज, दोन तुकड्यांत.
एक कमान, वरचा दगड आत्ता निसटेल असा.
सहा पिंपं. एक विहीर, झाकणासकट.
सगळं रंगवून, वाळवून, तयार.
तीन हजार चारशे. पाठवणी वेगळी.

चार वर्षं आम्ही सगळं हातानंच केलं.
मुदस्सरच्या फ्रिजच्या दुकानातलं थर्माकोल म्हणजे डोंगर,
सुताचे रिकामे कोन उलटे ठेवले की राजधानी,
टॉवेलची कापून टाकलेली झालर म्हणजे
कापणीला आलेलं शेत.
एकदा पटावर शेंगाचटणी सांडली.
बसवराज म्हणाला, समजा, हा लाव्हा आहे,
आणि माझे दोन भालाईत तिथंच गेले.
अजून त्यांना लसणाचा वास येतो.

मग मुदस्सरला मुलगी झाली,
यादगिरीला रात्रपाळी लागली,
मला बँकेनं बार्शीला टाकलं, रोज जाऊन येऊन.
डिंक सुकायला लागतो
तेवढा वेळ कुणाकडेच उरला नाही.
म्हणून वर्गणी काढली.
म्हणून ही भिंत.

नायना पाय धुऊन आत आले.
"काय आणलीस?"
पडकी भिंत.
"विकत?"
गेल्या दिवाळीआधी आमचे चार माग
किलोच्या भावानं गेले होते.
ते दोघांनाही आठवलं,
आणि दोघंही विहिरीच्या झाकणाकडे बघत राहिलो.

त्यांनी बुरूज उचलला, पालथा केला.
कापडातला माणूस आधी उलटी बाजू बघतो.
आत पोकळ. कोपऱ्यात एक आकडा उठवलेला.
नखानं रेघ चाचपली, म्हणाले,
"जोड लपवला नाही यांनी."
मग पिंपं मोजली, तेलुगूत, हळू,
ओकटी, रेंडु, मूडु,
माल उतरवून घेताना मोजायचे तशी.
"आणि हे हिरवं काय?"
शेवाळ.
"शेवाळ! नळ कितव्या दिवशी येतो त्या गावात?"

रविवारी शेडमध्ये पट मांडला.
माग होते तिथं फरशीवर अजून
तेलाचे चार काळे चौकोन आहेत,
टेबलाचे पाय त्यांना टाळून ठेवतो आम्ही,
का ते कुणी बोलत नाही.
बुरूज सुरेख दिसला. कमान तर फारच.
मुदस्सरनं चारी बाजूंनी फोटो काढले.
पण खेळ काही चालेना.
बसवराज नुसता बोट दाखवत होता:
हा बुरूज. ही विहीर. तुझी पाळी.
तासाभरानं माझ्या लक्षात आलं,
आज तो एकदाही 'समजा' म्हणाला नव्हता.

नायना दारात उभे. किती वेळ, कोण जाणे.
आले, खिडकीच्या गजावरून
वर्षभराची सुताची कुसं बोटानं ओढली
आणि त्या हिरव्या शेवाळावर चोळली,
करडं होईपर्यंत, दाबून दाबून.
"आता खरं बंद पडलेलं दिसतंय," म्हणाले.
तीन हजार चारशेच्या मालाचं!
यादगिरी काही बोलणार होता,
मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून
एक धोटा काढला. टोकं अजून चकचकीत.
भंगारवाल्याला सगळंच दिलं नव्हतं तर.
कमानीच्या अलीकडे आडवा ठेवला
आणि हात मागे बांधून उभे राहिले.

पटावर कुणी हललं नाही.
फासा माझ्या मुठीत गरम झालेला.
बसवराजनं चष्मा वर केला,
धोट्याकडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं,
"समजा," म्हणाला,
"समजा, ही नाव आहे."

"पण नदीला पाणी कुठंय?" यादगिरी.
"उद्या," नायना म्हणाले.
"पहाटे चारला. भरून ठेवा."