आगाऊ नेम

जेमाल दुकानात आला, त्या दिवशी बाटुमीत
धुकं समुद्र सोडून काउंटरपर्यंत आलं होतं.
अक्रोडाच्या हिरव्या सालीनं काळी पडलेली बोटं
काचेवर टेकवून म्हणाला, पक्ष्यांसाठी हवाय.
मारा किती लांबचा?

मारा नाही म्हणत, काका. मिलिमीटर म्हणतात.

मी तीन लेन्स मांडल्या.
सहाशेची मोठी : किंमत ऐकून त्यानं ती
दुसऱ्याची गाय थोपटावी तशी वरून थोपटली.
दीडशे-सहाशेची झूम : दोन किलो, जुनी,
टोकाला जरा मऊ पडते, मी लपवलं नाही.
आणि चारशेची, हलकी,
पण हाताचं कंपन आवरायची सोय नसलेली.

त्यानं हलकीच उचलली.
डावा तळवा नळीखाली, गाल कॅमेऱ्याला,
श्वास अर्धा सोडून अर्धा आत अडवलेला.
रस्त्यापलीकडे दिव्याच्या खांबावर एक कुरव बसला होता.
दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक
नकळत खाली वाकलं.

मग नळीचं टोक थरथरू लागलं.
त्यानं ते पाहिलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.
लेन्स हळूच खाली ठेवत म्हणाला,
ती आवरणारी दे.

कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपणच शोधतो, मी म्हटलं,
ही बघा, हिरवी चौकट.
डोळा मला सापडतो, तो म्हणाला,
त्याला म्हणावं, तू फक्त हात सांभाळ.
बटण दाबलं. काहीच वाजलं नाही.
लागला?
लागला.
मग आवाज?
बंद ठेवता येतो, पक्षी बिचकत नाहीत.
बराच वेळ विचार करून म्हणाला,
चालू कर. मला तरी कळलं पाहिजे.

पैसे मोजताना एवढंच बोलला :
नात टेकडीवर परदेशी पोरांबरोबर ससाणे मोजते.
सहा वर्षं जेवताना माझ्याशी बोलत नाही.
फक्त सप्टेंबरात.
बाकी वर्षभर चांगली आहे.

दहा दिवसांनी कार्ड घेऊन आला.
अकराशे फोटो. आकाश.
ढग, आकाश, चहाच्या मळ्याची एक तिरकी कड,
पुन्हा आकाश, इतकं स्वच्छ की डोळे दुखावेत.
कुठेकुठे डाव्या काठाला
मोहोळ घारीची दोन पिसं, चोच तीही नाही.
लेन्स खराब आहे, तो म्हणाला.

मला कळायला चहाचा अख्खा ग्लास लागला.
चाळीस वर्षं त्यानं पक्ष्यावर नाही,
पक्षी जिथे पोचणार तिथे नेम धरला होता.
छर्‍याला वाट कापावी लागते.
उजेड आधीच आलेला असतो, काका,
पक्ष्यावरच धरा.
त्यानं मान खाजवली.
पक्ष्यावर धरलं की चुकतो, म्हणाला,
हे माझ्या बापानं मला कानशिलात मारून शिकवलंय.

शनिवारी एका आली, त्याची नात,
गळ्यात दुर्बीण, हातात मोजणीचं बटण,
बोलताना अंगठा उगाच दाबत होती.
अकराशेतला एक तिनं निवडला :
सगळं निळं, काठाला शेपटीचं टोक.
यात पक्षी कुठाय? मी विचारलं.
वाचलाय, ती म्हणाली.

आठ बाय बारा, मॅट कागद.
पैसे तिनंच दिले, सुटे,
आणि पावतीवर नाव मात्र त्याचं घालायला लावलं.