कंसातला एल

अडतीस पाट्या. नगाला पंचेचाळीस रुपये,
पत्रा त्यांचा, रंग माझा.
अमरावती रोडच्या त्या बागेत मॅडमनी यादी हातात दिली:
"पराते, स्पेलिंग चुकवू नका. अधिकृत नावं आहेत."
मी महालातला पेंटर. आजवर रंगवलं ते
सावजी भोजनालय, हेडाऊ दातांचा दवाखाना,
येथे लघवी करू नये.
लॅटिन पहिल्यांदाच.

वाचता येत नाही, पण बघता येतं.
अक्षरं सगळी उजवीकडे कललेली,
मे महिन्यात झळा कापत चालणाऱ्या माणसांसारखी.
आडनाव आधी, नाव मागून,
शाळेच्या हजेरीगत: पराते वसंता, हजर.
मोठं अक्षर फक्त आडनावाला.

बाभळीशी अडलो.
जुनी पाटी म्हणते अकेशिया, यादी म्हणते वाचेलिया.
"बदललं," मॅडम म्हणाल्या,
"जुनं नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे राहिलं."
मी पॉलिश पेपरनं पाटी घासली.
बाभूळ उभीच होती. शेंगा खाणारी बकरी
खातच राहिली.

आणि हा कंसातला एल कोण?
"ज्यानं पहिल्यांदा नाव ठेवलं, तो.
पुढं कुणी झाडाला दुसऱ्या घराण्यात हलवलं
की पहिल्याला कंसात टाकतात.
पुसत नाहीत."
पुसत नाहीत, हे मला आवडलं.
माझ्या दुकानावर अजून बापाचंच नाव आहे,
कंस काढायचं सुचलं नव्हतं.

तरोट्याला पाटी नाही. विचारलं, तर म्हणे तण.
तरोट्याची भाजी खाऊन माझी आई वाढली,
पण यादी यादी असते.

शेवटची मोहाची.
मधुका लाँगिफोलिया, खाली मराठीत मोह,
त्याखाली दोन बोटं जागा उरली.
चौकीदार व्यंकटी म्हणाला, "आमच्यात इप्पा."
झाडू मारणाऱ्या सुगंताबाई उईके, देवलापारकडच्या.
"तुमच्यात काय म्हनतेत, बाई?"
"फुलाले इरुक."
"अन् झाडाले?"
खराटा थांबला.
"कोन्त्या झाडाले?

आमच्याकडं बारा होते.
एक म्हातारी. एक लंगडा.
एक जावयाचं, लगनात देल्लं.
एक नाल्यावरचं, त्याचे टोळ कडू.
एक माह्या भावाचं, थो हिरीत गेला त्या साली
लय फुललं होतं.
मोह कोनी म्हनत नोतं.
मोह तं सगळेच होते."

ब्रश घासलेटात तसाच बुडवून ठेवला.
दोन बोटं जागेत बारा नावं,
आणि मोठं अक्षर कोणाला द्यायचं?

मॅडम म्हणाल्या होत्या, तारेनं बांधा.
तार सदतिसाव्या झाडाशीच संपली होती.
मी खिळा ठोकला.

दूध आलं.
पांढरं, चिकट, घाई नसलेलं,
पाटीवर उतरून ओल्या रंगात शिरलं,
पहिल्या मोठ्या अक्षरावर थांबलं.
सुगंताबाईंनी खराटा खाली ठेवला,
अंगठ्यानं खोड पुसलं, पाटी नाही,
आणि माझ्याकडं न बघता
झाडाला म्हणाल्या,
"नवा हाये थो."