ऑइलपेंट

नाक्याच्या अलीकडे घुल्यांनी गाडी कडेला घेतली.
बाटलीतल्या पाण्यात माती कालवली
आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे लिंपले,
चूल सारवावी तसे, हलक्या हाताने.
फास्टॅग आधीच काढलेला. डब्यात,
चपातीच्या फॉइलमध्ये.

माझं काम आरशात बघायचं.
पुढच्या टँकरला चिकटून
पडत्या दांड्याखालून निघालो.
घुले म्हणाले, वाचले पैसे,
तुर्भ्याला भुर्जी खाऊ.

शिळफाट्याला शिट्टी.
साहेबाने प्लेटकडे पाहिलंही नाही.
सरळ मागे गेला, टॉर्च मारला फळ्यावर.
लाल-पिवळं, वळणदार, माझ्याच हातचं:
कु. स्वरांजली, मु. पो. धामणगाव.
"ही दिसली कॅमेऱ्यात," म्हणाला,
"स्वरांजली कोण?"

घुले बोलले नाहीत.
टोल दुप्पट, दंड वेगळा,
लायसन साहेबाच्या खिशात, गाडी यार्डात.
कांदा तीन दिवस ताडपत्रीखाली उकडला,
चौथ्या दिवशी वास सुटला.
शेठ फोनवर एवढंच बोलला:
पगारातून.

सुटलो तेव्हा घुल्यांनी
थिनरची बाटली माझ्या हातात दिली.
पुसून टाक, म्हणाले,
पोरीचं नाव नको कुणाच्या तोंडी.

महापेच्या पुलाखाली
मी घासतोय सकाळपासून.
पिवळा गेला.
लाल निघत नाही.