वार

नारिनला जानेवारीत
रक्ताला आधी माझ्या काखेत ऊब मिळते.
बाहेर उणे अठ्ठावीस. प्रसूतिकक्षापासून प्रयोगशाळा
दोनशे बारा पावलं, मधे उघडं अंगण.
नळी गोठली तर पुन्हा टोचावं लागेल,
आणि आयजार्किनच्या सुजलेल्या हातात
शीर आता सापडता सापडत नाही.

चौतिसावा आठवडा.
अंगठी तिनं सोमवारी साबण लावून काढली.
डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली,
तर सासू: बर्फाकडे टक लावून बसतेस, मग काय होणार!

यंत्र गरगरतं, थांबतं.
तांबडं खाली बसतं, वर राहते
फिक्या चहासारखी निवळी.
तिच्यात मी माग काढते
वार रक्तात सोडते त्या प्रथिनाचा,
जे शिरांना सांगत फिरतं:
फुटा, रुंद व्हा, वाट करून द्या.
दुसरंही एक असतं, त्याच वारेचं,
पहिल्याला वाटेत गाठून मिठी मारणारं.
ती मिठी सुटत नाही.

मोजमाप पिकोग्रॅममध्ये.
मिठाच्या एका कणाचे काही कोटी तुकडे करा,
त्यातले थोडे.
एवढ्याशावर आत एक घर चालतं.
वारेला बाळाला वाढायचं असतं,
स्वतःलाही वाढायचं असतं,
आणि वाढायलाच काही उरलं नाही
की ती आईवर ओरडते.
आम्ही त्याला रक्तदाब म्हणतो.

वीस मिनिटं लागतात.
मी खिडकीवरचं बर्फ नखानं खरवडते.
माझी मोठी बहीण बेर्मेत
वरच्या कुरणात, तंबूत होती,
तेव्हा असा आकडा मागायचं कुणाला सुचलं नव्हतं.
तिचे बूट आईनं कात्रीनं कापून पायांतून काढले.
अजून आहेत ते.
फेकवत नाहीत, शिवतही नाही कुणी.

शंभराच्या वर हवा होता.
आला अकरा.
मी पुन्हा लावलं.
दहा पूर्णांक आठ.

दोलोनचा घाट बंद आहे, डॉक्टरबाई फोनवर सांगतात,
बर्फ काढणारी गाडी दुपारी निघेल, कदाचित.
नाहीतर इथेच, आज, आपल्याच टेबलावर.
मग थांबतात.
‘नक्की अकरा?’
‘नक्की.’

छापलेला कागद घेऊन मी अंगण ओलांडते.
कागद काही गोठत नाही.
तरी काखेतच धरलाय.